फळीच्या मागे

वाळूतल्या टाचेच्या खुणेपाशी बाबांनी फीत ताणली, आकडा पाहिला आणि त्यातले वीस सेंटिमीटर गिळून टाकले.

"पाच बारा," ते म्हणाले.

"बरं," म्हणत लेक वाळू झटकत धावपट्टीच्या टोकाकडे निघाली. तिच्या गुडघ्यावरचा टाक्यांचा व्रण अजून लालसर होता.

महिनाभर हेच चाललं होतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, "धावेल. उडीचं आत्ता विचारू नका." पोरीनं हुरळून जाऊन पुन्हा गुडघा मोडून घेऊ नये, म्हणून बाबा रोज आकडा कापायचे आणि खरा आकडा मनात घेऊन घरभर येरझाऱ्या घालायचे. निवड चाचणीचा अर्ज आठवडाभर त्यांच्या खिशात चुरगळत होता. आज संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. निवडीला साडेपाच मीटर लागत. खरे पाच बत्तीससुद्धा पुरणार नव्हते, आणि या विचारानं त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

लेक धावत सुटली. बाबांनी सवयीनं डोळे मिटले. उडी घेतानाच तो गुडघा गेला होता. तिचा पाय फळीवर पडताना बघायची त्यांची छाती होत नसे. वाळूचा आवाज आल्यावर त्यांनी डोळे उघडले, फीत ओढली, तर ती सैल हातात आली. फळीपाशी खिळ्याला अडकवलेलं टोक निसटलं होतं.

चरफडत ते टोक अडकवायला गेले. पांढरी फळी कोरी करकरीत होती. बुटांच्या ताज्या खुणा तिच्या दीड वीत मागे, मातीत होत्या; फीत मात्र फळीपासूनच मोजायची. आजच्या चारही उड्यांच्या, एकाच जागी. चुकून पाय इतका नेमका पडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

लेक वाळूतच बसून बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत होती.

"तू मागून उडतेस?"

"आकडा वाढला की तुम्ही गावभर सांगत सुटता. मग नाही जमलं की तोंड लपवून फिरता. मागच्या वेळी बघितलंय मी."

बाबांनी टोक घट्ट अडकवलं, अर्ज काढून मांडीवर सपाट केला.

"एक फळीवरून मार."

"डोळे उघडे ठेवाल?"

"ठेवतो."

"आणि आकडा पूर्ण सांगा," ती उठत म्हणाली.

ती धावत सुटली तेव्हा बाबा खिशात पेन चाचपत होते. नजर मात्र फळीवरून हलली नाही.