विमानापुढची तिघं

घर सोडून गेलेला धाकटा भाऊ वीसेक वर्षांनी परत आला, तेव्हा आईने त्याला उंबऱ्यातच ओळखलं. तिची नजर तोवर पार गेली होती. तिने नुसता त्याचा चेहरा चाचपला, कानाच्या पाळीपाशी बोटं थांबवली आणि रडायला लागली. ताईला मात्र रडू आलं नाही. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेल्या बाईला एखाद्या पानावर एकही चूक सापडली नाही, तर ती ते पान निर्धास्तपणे पुढे सरकवत नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचते. आणि भावाच्या आठवणींत चूक म्हणून नव्हती. शाळेच्या टाकीचा कुठला नळ गळायचा, बाबांच्या सायकलची घंटा कुठल्या बाजूला होती, सगळं त्याला विचारताक्षणी आठवायचं. खरा माणूस कुठेतरी अडखळतो, असं ताईला वाटे.

बघता बघता आईची औषधं त्याच्या हाती गेली, घराची किल्ली त्याच्या खिशात. मग सुट्टीचा दिवस पाहून ताईनेच बेत काढला. जुन्या तटबंदीच्या गावी जाऊ, तिथलं विमानांचं संग्रहालय बघू. तो लगेच तयार झाला. आईपाशी शेजारीण येऊन बसली.

पाऊस सकाळपासून लागून राहिला होता. संग्रहालय म्हणजे विमानं ठेवायचा एक जुना, अवाढव्य हँगर. पत्र्यावर पावसाचा असा मारा चाललेला की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. तेलाचा आणि जुन्या रबराचा वास भरून राहिला होता. भाऊ प्रत्येक विमानापुढे रेंगाळत होता, पात्यांची वळणं मान वाकडी करून बघत होता, आणि ताई दोन पावलं मागे राहून त्याची मान, त्याचे खांदे, त्याची चाल न्याहाळत होती. एका मालवाहू विमानाच्या पोटात शिरायला लाकडी पायऱ्या लावल्या होत्या. आत कॅनव्हासची बाकं होती आणि पावसाचा आवाज जरा दबल्यासारखा वाटत होता. ताई बसली आणि जमेल तितक्या सहजपणे म्हणाली,

"बाबांनी आपल्याला इथे आणलं होतं, आठवतं तुला?"

बाबांनी त्यांना कधीच कुठे नेलं नव्हतं. सुट्टी म्हणजे तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचा दिवस, एवढीच त्यांची कल्पना होती.

तिने आणखी भर घातली. "याच विमानात तू रडून गोंधळ घातलास. बूट हरवला होता तुझा."

"डाव्या पायातला," तो बाकावरून हात फिरवत म्हणाला. "मग बाबांनी मला खांद्यावर घेतलं. तू घुम्यासारखी बसलीस, ताई. तुला कुणी उचललं नाही म्हणून."

ताईला एक थंड समाधान वाटलं. सापडली चूक. घरी गेल्यावर आईला हे कसं सांगायचं, याची वाक्यं ती मनातल्या मनात जुळवू लागली आणि त्याच नादात त्याच्यामागून बाहेर पडली.

गावाच्या दगडी वेशीतून आत शिरेपर्यंत पावसाने जोर धरला. फरसबंदी गल्लीतून पाणी पायांवर येत होतं, पन्हळी तोंडभरून ओतत होत्या. दोघं मिळेल त्या दारात शिरली. ते फोटो काढायचं जुनं दुकान होतं. म्हातारी मालकीण लेन्स पुसत बसली होती.

"बसा पाऊस उतरेपर्यंत," ती म्हणाली. "भिंतीवरचे फोटो बघा हवं तर. माझे वडील विमानांपाशी कॅमेरा घेऊन उभे राहायचे. लोक फोटो काढून घ्यायचे आणि न्यायला यायचेच नाहीत. वडिलांना काही ते टाकवले नाहीत."

ताई सवयीने भिंत वाचू लागली, वरच्या डाव्या कोपऱ्यातून, ओळीओळीने. एके ठिकाणी तिचं बोट थांबलं.

बाबा होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, तेच किंचित मिटलेले डोळे. मागे विमानाचा पंख. खांद्यावर रडून तोंड सुजलेला लहान भाऊ, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. आणि बाबांचा हात धरून एक मुलगी, दोन वेण्यांची, रुसलेली, थेट कॅमेऱ्याकडे बघणारी.

ताईने चष्मा पुसला आणि पुन्हा जवळ गेली. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया, हनुवटीला खळी. या मुलीला तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग ती त्या फोटोत स्वतःला शोधू लागली. पंखाखाली, चाकाआड, कडेच्या अंधुक माणसांत. तिच्याएवढी दुसरी मुलगी कुठेच नव्हती.

भाऊ केव्हा मागे येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही. त्याने फोटो निरखून पाहिला. मग त्याची नजर सावकाश तिच्या चेहऱ्यावर फिरली. आधी कपाळ, मग भुवया, मग हनुवटी.

"यात तुम्ही कुठे आहात?" त्याने हळूच विचारलं.