एकोणचाळीस टक्के

“एकोणचाळीस टक्के,” मॅडम म्हणाल्या. “गेल्या वर्षी सदतीस होते. वरचे साहेब खूश आहेत. आणि तुमचा चेहरा का असा सुतकी?” बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली.

तक्तेवाल्यांची बायको जाऊन आठ महिने झाले होते.

ऑफिसात त्यांना सगळे तक्तेवालेच म्हणत. देशाचं वर्षाचं उत्पन्न धरलं, तर त्याच्या किती टक्के कर्ज बँकांनी खाजगी धंद्यांना दिलंय, हा आकडा काढण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. टक्का वाढला की कारखान्यांना, दुकानांना पैसा पोचतोय असं समजायचं.

“मॅडम, कर्जं वाढलेली नाहीत. थोडी घटलीच आहेत. पण उत्पन्न त्याहून जास्त घटलंय. छेदच लहान झाला, म्हणून टक्का फुगलाय.”

“मग ते तक्त्यात दिसेलच की.”

“नाही दिसत. उत्पन्नाचा रकाना सहा वर्षांपूर्वी मीच काढून टाकला. पान आडवं छापावं लागायचं म्हणून. तुम्ही शाबासकी दिली होतीत.”

मॅडमनी दार लोटून घेतलं. पुढच्या आठवड्यात समिती बसणार होती. छोट्या कारखानदारांना कमी व्याजानं कर्ज देणारी योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, ते हाच तक्ता पाहून ठरणार होतं.

“तुमच्या मेहुण्याचा अर्ज आहे ना त्या योजनेत? लोक म्हणतील, मेहुण्याचा पुळका आला.”

“म्हणू देत. बंद पडलेले धंदे काही एकट्या मेहुण्याचे नाहीत.”

“अहो, पण टक्का खोटा नाही ना?”

“खोटा नाही.” तक्तेवाले म्हणाले. “आमच्या घरी दोन माणसं होती. पगार माझा एकट्याचा. ही गेली आणि माणशी उत्पन्न एका दिवसात दुप्पट झालं. तेही खोटं नाही, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसल्या.

“रकाना आता घालता येणार नाही, पानांची मांडणी ठरून गेलीय. तळटीप टाका. एकच ओळ.”

त्या एका ओळीला तक्तेवाल्यांनी सगळी दुपार घेतली. ‘ही वाढ कर्जं वाढल्यामुळे नसून उत्पन्न घटल्यामुळे आहे.’ शिपाई दोनदा डोकावून गेला. “काय, प्रेमपत्र लिहिताय का?” म्हणाला.

ओळ छापून आली. एक शब्दही कोणी कापला नव्हता. समितीनं तक्ता पाहिला, कर्जपुरवठा समाधानकारक असल्याची नोंद केली आणि योजना बंद केली.

रविवारी तक्तेवाले मेहुण्याच्या शेडमध्ये गेले. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा त्याचा कारखाना. दोन मशिनं वर्षभर बंदच होती. आज तिसऱ्याचं, मोठ्या मशिनचं, गिऱ्हाईक आलं होतं.

“या दाजी. पेपरात वाचलं, देशात कर्जाचा सुकाळ झालाय म्हणे. माझ्या वाट्याचं तेवढं कुठं अडकलं?”

तक्तेवाल्यांनी पिशवीतून अहवाल काढला, पान उघडून तळटिपेवर बोट ठेवलं. मेहुण्यानं तो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला.

“ह्या मुंग्या कोण वाचणार, दाजी?”

“कोणी नाही वाचल्या.”

“ताई असती तर समितीच्या दारात उभी राहून ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवली असती.”

“हो. आणि मला घरी येऊन बोलली असती, रकाना काढायची अक्कल कुणाची म्हणून.”

दोघंही हसले. हसू फार टिकलं नाही.

चार माणसांनी मशीन पाइपांवरून ढकलत टेम्पोत चढवलं. अठरा वर्षं ते तिथं होतं. त्याच्याखालची फरशी नव्यासारखी निघाली, चार बोल्टांच्या भोकांसकट. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं. मेहुणा ते न मोजताच खिशात घालून मागे चहा ठेवायला गेला.

कप घेऊन येताना तो मधल्या मोकळ्या जागेतून सरळ आला नाही. मशीन उभं असल्यासारखा भिंतीकडून अंग चोरत आला.

तक्तेवाल्यांनी ते पाहिलं. चहा संपला, दोघं उठले. दार समोरच होतं. तक्तेवालेही भिंतीकडूनच गेले.