तीन वेळा किल्ली

मेस्त्रींना खाली बसायला एक "आई गं" लागायचं आणि उठायला दोन. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत त्यांचे नऊ "आई गं" खर्ची पडले होते आणि काम होतं तिथेच होतं.

काम मेव्हण्याच्या लाँचचं. मेव्हणा नदीच्या या काठची माणसं त्या काठाला सोडायचा. चार वाजता तपासनीस येणार होते. त्यांचा नियम साधा: किल्ली फिरवून इंजिन लागोपाठ तीनदा सुरू झालं पाहिजे. झालं तर वर्षाचा परवाना. नाही तर फेरी दुसऱ्या लाँचला. त्या लाँचचा मालक आठ दिवस रोज न चुकता धक्क्यावर येऊन मेव्हण्याच्या तब्येतीची चौकशी करत होता.

फेरी गेली की मेव्हणा बहिणीकडे, म्हणजे मेस्त्रींच्या घरी. मागच्या खेपेला "चार दिवस" म्हणून आला आणि पाचव्या महिन्यात गेला. घरात खोल्या दोन, मेव्हण्याचं घोरणं तीन खोल्यांचं. मेस्त्रींची झोप तेव्हा गेली ती अजून पुरती परत आली नव्हती.

आणि सकाळपासून किल्ली फिरवली की इंजिन म्हणत होतं, "टक्". पुढे काही नाही.

"भावोजी, सेल्फ गेला. नवीन टाका," मेव्हणा म्हणाला. इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरला सगळे सेल्फच म्हणतात.

"नवीन यायला दोन दिवस. तुझे साहेब दोन तासांत."

मेस्त्रींनी लाँचच्या पोटात डोकं घालून, अर्धं चाचपतच दोन बोल्ट काढले. सेल्फ वर आणला, धक्क्यावरच्या बाकावर ठेवला आणि खोलायला घेतला. आपण गप्प बसलो की मेव्हणा बोलतो, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे ते स्वतःच बोलत राहिले.

"किल्ली फिरवली की आधी थोडीशीच वीज जाते, वरच्या या नळकांड्यात. त्यातला लोखंडी दांडा आत ओढला जातो. तो एकीकडून हे दातेरी चाक पुढे सारून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवतो. दुसरीकडून ही तांब्याची चकती दाबतो. चकती टेकली की बॅटरीची सगळी ताकद मोटरला. मोटर इंजिन फिरवते. इंजिन पेटलं, किल्ली सोडली, की छोटं चाक मागे."

"म्हणजे ढकलायला पुढे आणि काम झालं की बाजूला. डिट्टो तुम्ही, भावोजी."

"मला बाजूला कधी होऊ दिलंस रे?"

आत सगळं ठीक होतं. कार्बनचे ब्रश अर्धे शिल्लक, चकती थोडी काळवंडलेली. मेस्त्रींनी ती घासली, स्प्रिंग पुसली, सेल्फ बंद केला. बुडालासुद्धा हिरवा रंग चकाकत होता. रंगकामात मेव्हण्याचा हात साफ आहे, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. दमलेला माणूस जे दिसतं त्याचं कौतुक करतो, विचार करत नाही.

बॅटरी बाकाजवळ आणली. तारेचा एक चिमटा सेल्फच्या विजेच्या खांबाला, एक त्याच्या लोखंडी अंगाला. सेल्फ असा उसळला की मेव्हण्याने टाळी वाजवली.

परत बसवला. बोल्ट आवळले. किल्ली.

टक्.

दुसऱ्या लाँचचा मालक तेवढ्यात काठावरून म्हणाला, "काय मेस्त्री, तब्येत?"

"माझी की इंजिनाची?"

"दोघांचं वय एकच दिसतं."

दुसऱ्यांदा काढला, बाकावर फिरवला, बसवला; तिसऱ्यांदाही तेच. टक्. साडेतीन झाले. मेस्त्री इंजिनाला पाठ टेकून बसून राहिले. उठायचे दोन वाचवत होते.

ताई, म्हणजे मेस्त्रींची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली. डबा सकाळी अकराला भरलेला होता.

"अहो, दोन घास तरी."

"तो बाकावर फिरतो. इथे फिरत नाही." मेस्त्री डब्याशी बोलल्यासारखे बोलले.

ताईने झाकण काढता काढता विचारलं, "मग बाकावर असं काय आहे जे इथे नाही?"

"काही नाही. बॅटरी तीच, तार तीच. फक्त तिथे अंगाला चिमटा लावतो, इथे..."

ते थांबले. इथे चिमटा नसतो. इथे सेल्फचं बूड इंजिनाला टेकतं आणि वीज त्यातूनच परत जाते. लोखंडाला लोखंड. बाकावर चिमट्याचे दात रंगात घुसत होते. इथे रंगावर रंग बसला होता. बोल्टच्या आट्यांतून मिळेल तेवढी वीज मिळत होती, "टक्" करण्यापुरती.

"अर्थिंगच नाही! कोणी सांगितलं तुला बुडाला रंग मारायला?"

"तुम्हीच!" मेव्हणा खरोखर दुखावला. "परवा फोनवर. साहेबांना इंजिन छान दिसलं पाहिजे म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, सगळं खोल, सगळं रंगव, बसव. मी दोन हात मारले. आतूनसुद्धा."

उभ्या जन्मात मेव्हण्याने कोणाचं ऐकलं नव्हतं. ऐकलं ते हेच.

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. "सगळं म्हणालात?"

मेस्त्रींना आठवलं. परवा अंग ठणकत होतं, फोन कानाला जड झाला होता. टेकते ती जागा सोड, एवढं सांगायला आणखी चार शब्द लागले असते. ते वाचवून त्यांनी कूस बदलली होती.

"म्हणालो," ते म्हणाले. "चूक माझी आहे. कानस दे."

मेव्हणा इतका गोंधळला की त्याने खरंच कानस दिली. मेस्त्रींनी सेल्फचं बूड आणि इंजिनावरची बैठक चकचकीत होईपर्यंत खरवडली. ताईने बोल्ट पॉलिश पेपरने घासले. डबा तसाच राहिला.

तपासनीस चारला पाच कमी असताना आले. पहिली किल्ली: इंजिन धडधडलं. बंद. दुसरी: धडधडलं. बंद. तिसरीला बॅटरी, दुपारभर बाकावर राबलेली, कण्हली. सेल्फ एक फेरा फिरला, अर्धा फिरला, अडला. मेव्हण्याने डोळे मिटले. मेस्त्रींना त्या क्षणी त्याचं घोरणं ऐकू आलं. मग उरलेला अर्धा फेरा पुरा झाला आणि इंजिन पेटलं.

साहेबांनी शिक्का मारला. वाकून पाहिलं आणि खाली एक ओळ लिहिली: "सेल्फजवळ रंग खरवडलेला आहे. लावून घ्यावा."

"आत्ता लावतो, साहेब!" मेव्हण्याने रंगाच्या डब्याकडे हात केला.

त्याच्या आधी मेस्त्री डब्यापाशी पोचले आणि त्यावर बसले. "आई गं" न म्हणता. मग ताईकडे हात पसरून म्हणाले, "आण आता जेवण. ते संपेपर्यंत मी इथून हलत नाही."