रस्त्याची मोकळी बाजू

मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे. हे वाक्य मी सोलापूरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला दरवर्षी फळ्यावर लिहितो. अक्कलकोटच्या पलीकडे, खडखडत्या एसटीत, पोटात कळ आली की त्यातला शेवटून दुसरा शब्द तेवढा शिल्लक राहतो.

पंचाहत्तर सालची गोष्ट. सीमेकडच्या एका खेड्यात वाचनालयाचे उद्घाटन करून मी परतत होतो. ज्ञानाचे महत्त्व ऐकून घ्यावे लागल्याबद्दल यजमानांनी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि तांब्याभर ताक असा सूड उगवला होता. कंडक्टर रहिमतुल्ला शेजारी येऊन टेकला आणि खिडकीबाहेर बोट करून म्हणाला, "ये सडक दुष्काळात झाली, सर. बायांनी खडी फोडली. उन्हात बसल्या त्या बसल्याच. कुछ तो उठेच नहीं."

मी मान डोलावली. माझे लक्ष पोटाकडे होते.

दिवेलागणीला गाडी एका फाट्यावर थांबली. ड्रायव्हरला चहा हवा होता. टपरीवाल्या वीरभद्रप्पाला मी हलक्या आवाजात विचारले, "इथं कुठं सोय आहे का?"

"कशाची?"

मी पोटावर हात ठेवला. त्याला कळले. फळीखालून त्याने टमरेल काढले, भरून दिले. "तिकडं बोरीच्या मागं जावा की. समदे तितंच हायत."

समदे खरोखरच तिथे होते. अंतर राखून, बिड्या ओढत, सरपंचाच्या म्हशीवर बोलत. मला पाहून एकाने आदराने थोडे सरकून जागा केली. "या की पावनं, बसा. कुटलं गाव म्हनायचं?"

एवढ्या आपुलकीत मला कधीच काही जमलेले नाही. 'आलोच' म्हणून मी वळलो. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला चिटपाखरू नव्हते. नुसते मोकळे रान आणि अंधुक उजेडात काळे धोंडे. एवढी चांगली जागा सोडून ही माणसे तिकडे दाटीवाटीने का बसतात, हा प्रश्न विचार करणाऱ्या प्राण्याला पडायला हवा होता. तो पडला नाही. मी बराच आत गेलो, टमरेल डाव्या हातात घेतले आणि पट्ट्याला हात घातला.

शेजारचा धोंडा उठून उभा राहिला.

आवाज झाला नाही. धोंडा होता तिथे एक उंच आकृती होती, पाठमोरी, डोक्यावरून पदर ओढलेली. मग तिच्या पलीकडचा धोंडा उठला. मग त्याच्या पलीकडचा. मी डावीकडे सरकलो, तर डावीकडचे उठू लागले. मागे फिरलो, तर ज्या वाटेने आलो त्या वाटेवरही दोघी उभ्या. बांगडी वाजत नव्हती. कुणी खोकत नव्हते, कुणी पळतही नव्हते. तोंडे फिरवून सगळ्या नुसत्या उभ्या होत्या, कशाची तरी वाट पाहत. वारा पडला होता.

रहिमतुल्लाच्या खडी फोडणाऱ्या बाया मला आठवल्या. भूत नसते, हे मी चार वाक्यांत सिद्ध करू शकतो. त्यातले पहिले आठवेना. टमरेलातले पाणी आपोआप डुचमळत होते. त्या रानात तेवढाच आवाज होता.

"कोन हाय ते?" अगदी जवळून एक म्हातारा आवाज आला. तोंड दिसत नव्हते.

"मी प्रोफेसर आहे. सोलापूरचा."

पलीकडे कानडी हेलात कुजबुज झाली.

"मास्तर हाय म्हनं, बसव्वा."

"मग आमची हजेरी घेतोय व्हय?"

कुणीतरी हसले, आणि ते हसू त्या ओळीतून लांबवर अंधारात गेले. एकीचेही तोंड वळले नाही.

"तुम्ही," मी विचारले, "कधीपासून इथं आहात?"

"तू आल्यापास्नं उब्या हाय की," म्हातारी म्हणाली. "सून पोटुशी हाय माजी. तिला लई येळ उबं ऱ्हावत न्हाय. दीसभर दाबून ठिवायचं, अंधार पडला की यायचं, आन् आता तू. जा की बाबा. तू जाईस्तवर कुनालाच बसता येत न्हाय."

गडीमाणूस दिसला की उठायचे, तो जाईपर्यंत तोंड फिरवून थांबायचे, एवढाच त्या रानाचा कायदा होता. बोरीमागच्या कुणालाही तो मला सांगावासा वाटला नव्हता. या बाजूला येणारा पुरुष त्यांनी कधी पाहिलाच नसावा.

"चुकलं," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. मागं बघू नगंस."

मी बघितले नाही. पण ऐकू येत होते. माझ्या पावलांमागोमाग एकेक लुगडे खसखसत खाली बसत होते, जणू मीच त्यांना एकेक करून जमिनीत परत पाठवीत होतो. मग मागून कुणीतरी लांब श्वास सोडला. ती सून असावी.

बोरीमागे आता कुणी नव्हते. गाडीने हॉर्न दिला, तरी मी बसून पाहिले.

"हो गया, सर?" रहिमतुल्लाने विचारले.

"झालं," मी म्हणालो.

कळ जिरली होती. ती सोलापुरात पोचल्यावरही परत आली नाही. एरंडेल घ्यावे लागले.