दहापैकी तीन

बाबांना डास चावला की ते म्हणतात, संपलो. दुकानातला पंखा बंद पडला तर म्हणतात, आता गिऱ्हाईक वितळून मोरीतून वाहून जाणार. केस कापायच्या दुकानात त्यांच्या हातापेक्षा तोंडाला मागणी जास्त. शाळेत परीक्षेला अतिशयोक्ती अलंकाराचं उदाहरण विचारलं होतं, तेव्हा मी त्यांचं जेवतानाचं एक साधं वाक्य लिहिलं. बाईंनी शून्य देऊन शेरा मारला: ‘पटत नाही.’

आई मात्र मोजकं बोलते. घरात कुणीतरी खरं सांगायला हवं, म्हणून ते खातं तिने घेतलं असावं.

त्या दिवशी सकाळी बाबा लाकडाच्या वखारवाल्या काकांची दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता. मी टॉवेल वाळत घालत होतो. बाबांनी वस्तरा खाली ठेवला, पोटाशी हात नेला आणि म्हणाले, “जरा दुखतंय.”

काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “जरा?”

“थोडंसंच. बसतो.”

माझ्या हातातला टॉवेल गळाला. मी आईला फोन लावला.

“आई, बाबा म्हणतायत, जरा पोटात दुखतंय.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग ती म्हणाली, “‘जरा’ म्हणाले?”

“हो.”

“लगेच दवाखान्यात ने. मी तिकडेच येते.”

टॅक्सीत बाबा मध्ये, मी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काका, फेसासकट. त्यांना उतरा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. ड्रायव्हरने खड्ड्यात गाडी आदळली. एरवी बाबांनी त्या खड्ड्यात तीन गावं बुडवली असती. आज डोळे मिटून म्हणाले, “हळू घ्या.”

मी काकांकडे बघितलं. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यात तातडीच्या विभागाच्या दारात एक सिस्टर टेबल मांडून बसली होती. कुणाला आधी आत घ्यायचं, ते ती ठरवायची. लाल पट्टी मनगटाला बांधली की लगेच आत, हिरवी बांधली की बाकावर. बाकावर टेकायला जागा नव्हती.

“काका,” तिने बाबांना विचारलं, “दुखणं दहापैकी किती? दहा म्हणजे सहनच होत नाही.”

“तीन,” बाबा म्हणाले.

तिने हिरवी पट्टी उचलली.

“सिस्टर, थांबा,” मी म्हणालो. “ते असं बोलत नाहीत.”

“कसं?”

“कमी.”

“कमी दुखत असेल तर माणूस कमीच सांगणार ना. बाकावर बसवा त्यांना.”

मागे एक जण घोटा धरून, मेलो, मेलो, असं ओरडत होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत थोडी असूया होती, असं मला वाटलं. त्यांचा चेहरा ओल्या कागदासारखा दिसत होता आणि कपाळावर घाम होता. ते अजिबात हलत नव्हते.

“अहो, मी यांच्याकडे दाढी करतो,” काका पुढे झाले. उजव्या गालावरचा फेस वाळून त्याचे पापुद्रे पडत होते. “एकदा कात्री लागली बोटाला. मला म्हणाले, हात खांद्यापासून गेला, आता उरलेली दाढी पायाने करतो.”

सिस्टर हसली नाही. तिने काकांचे दोन्ही गाल नीट बघितले. मग पट्टी तशीच हातात धरून बाबांच्या समोर वाकली.

“काका, डास चावला तर दहापैकी किती?”

“बारा.”

“कात्री लागली होती तेव्हा?”

“दोनशे.”

“डोकं दुखतं तेव्हा?”

“ते मोजत नाहीत,” बाबा तुटक श्वास घेत म्हणाले. “जिल्ह्यात कळवतात.”

“आणि आत्ता पोटात?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. लहान मुलाला अंधारात काही दिसलं की ते आवाज करत नाही, तसं काहीतरी होतं ते.

“तीन,” ते हळूच म्हणाले.

तिने हिरवी पट्टी टेबलावर टाकली, बाबांच्या पोटावर हात ठेवला आणि आत हाक मारली, “डॉक्टर, पोट फळीसारखं कडक आहे.” ही उपमा डॉक्टरांच्या पुस्तकातच असते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की फळी म्हटल्याबरोबर दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावत आले.

आई पोचली तोवर बाबांना ऑपरेशनला नेलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्ची रिकामी होती, तरी बसेना. मी पाणी दिलं, ते तिने हातातच धरलं. सिस्टरने दुखणं दहापैकी किती ते विचारलं होतं, एवढं मी सांगितलं.

“किती म्हणाले?” तिने विचारलं.

“तीन.”

तिने मान हलवली.

दुपारी सर्जन बाहेर आले. जठराला भोक पडलं होतं, शिवलंय, वेळेत आणलंत, असं म्हणाले. शुद्धीवर आल्यावर बघू. त्या ‘बघू’वर आम्ही संध्याकाळपर्यंत लटकलो. काका घरी गेले नाहीत. येणारे-जाणारे त्यांच्या गालाकडे बघत, मग आमच्याकडे.

शेवटी आम्हाला आत सोडलं. बाबांनी डोळे उघडले. आतल्या नर्सने वाकून विचारलं, “काका, कसं वाटतंय?”

बाबांचे ओठ हलले. “ठीक.”

आईने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

“काही हवंय?” नर्सने विचारलं.

“पाणी.”

“पाणी आज नाही मिळणार. ओठ ओले करते.” तिने ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवला.

बाबांनी जीभ फिरवली. छताकडे बघितलं. मग म्हणाले, “एवढ्या पाण्यात मुंगीसुद्धा जीव देणार नाही.”

आईने माझं मनगट सोडलं, स्टूल ओढलं आणि बसली.