राहिलेलं माप

त्या दिवशीही बाबांनी एक माप लिहायचं ठेवलंच. ते कागदावर पेन्सिलीने ड्रॉइंग काढत. पलीकडच्या खोलीत मी ते कॉम्प्युटरवर उतरवून पत्रा कापणाऱ्या मशीनचा प्रोग्राम करत असे. माणूस अंदाजाने सांभाळून घेतो. मशीनला प्रत्येक आकडा लागतो.

मी कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

"बाबा, या दोन भोकांमधलं अंतर?"

"राहिलं होय? वय झालं गं."

"कामाला लागल्यापासून हेच ऐकतेय."

"मग तेव्हापासूनच झालंय." त्यांनी आकडा सांगितला आणि पायानेच स्टूल पुढे सरकवलं. "बस. चहा निवतोय, निम्मा तू घे."

खिडकीतून शेजारच्या गच्चीवरचे कपडे दिसत होते. कुणाचा पायमोजा वाऱ्याने उडणार, यावर आमची पैज लागली. निकाल लागायच्या आत मला फोन आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

दिवसकार्य उरकून कामावर आले, तेव्हा त्यांच्या ड्रॉइंगच्या फळ्यावर शेवटचं ड्रॉइंग चिकटपट्टीने लावलेलं होतं. बिजागरीची साधी पट्टी. मी कागद सोडवून माझ्या खोलीत नेला, पट्टी कॉम्प्युटरवर उतरवली आणि अडले. बसूनच राहिले.

मशीनवरचे काका दारात आले. "पोरी, मशीन सकाळपासून माश्या मारतंय. प्रोग्राम कधी देतेस?"

"एक माप राहिलंय, काका."

"तुझ्या बाबांकडून? शक्यच नाही. मला थेट दिलेल्या कागदावर त्यांनी कधी टिंबसुद्धा सोडलं नाही." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. पूर्ण लांबी दोनशे चाळीस. दोन्ही भोकं आपापल्या कडेपासून चाळीसवर. "अगं, ही तर वजाबाकी आहे! एकशे साठ."

"हो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "मशीन थांबेल थोडं," एवढंच म्हणून ते गेले.

आकडा टाकला की विचारण्यासारखं काही उरणार नव्हतं. मी कागद घेऊन बाबांच्या टेबलापाशी गेले. स्टूल अजून तसंच, बाहेर काढलेलं. मी बसले. त्यांच्या पेन्सिलीने दोन भोकांच्या मधे एकशे साठ लिहिलं.

"बाबा," मी रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "मला वजाबाकी येत होती. पहिल्या दिवसापासून. मी तुमच्याजवळ बसायला यायचे."