ब्रोनाची दुसरी पसंती

मी एक मतपत्रिका बोलतेय. लांबट कागद, अंगावर बारा नावं, प्रत्येक नावापुढं एक रिकामा चौकोन.

बेलफास्टपासून तासाभरावरच्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये ब्रोनानं मला हातात घेतलं. शेजारी तिची नऊ वर्षांची कीवा. कीवाच्या अंगात कडक प्लास्टिकचा पट्टा होता, कारण तिचा पाठीचा कणा वाकत चालला होता. ऑपरेशनच्या यादीत नाव घालून दोन वर्षं झाली होती.

आमच्याकडं दवाखाने, शाळा, रस्ते हे सगळं टेकडीवरच्या आमच्या विधानसभेच्या हातात, लंडनच्या नाही. म्हणून ब्रोना माझ्याकडं औषधाच्या चिठ्ठीकडं बघावं तशी बघत होती.

आमच्याकडं दोन समाज, दोघांचे पक्ष वेगळे. मत द्यायच्या आडोशाला जाण्याआधी तिचे वडील मॅलकी कानाशी लागले. "आपल्यांना आकडे दे आणि थांब. पलीकडच्यांना एकसुद्धा नाही, कळलं?"

"हो, डॅडी."

या निवडणुकीत फुली मारत नाहीत. एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीचा माणूस पडला तर कागद दुसऱ्याकडं जातो. ब्रोनानं 'एक' घातला डर्व्हला मॅकेना हिच्या नावापुढं. ती नर्स, अपक्ष. मग पेन्सिल खाली सरकत ट्रेवर मॅकिल्वीनपाशी थांबली.

"मम्मी, हा तर पलीकडचा! आजोबा रागावतील."

"गप गं. आपल्या गल्लीत यायची हिंमत यानंच केली ना? खाली बसून तुझ्याशी कोण बोललं? म्हणाला, निवडून आलो तर पहिला प्रश्न कीवाच्या ऑपरेशनचा."

तिनं 'दोन' इतक्या जोरात लिहिला की माझ्या पाठीवर वळ उठला. मग घडी करून मला पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मोजणी. डर्व्हला तिसऱ्या फेरीत बाद झाली. मोजणाऱ्या मुलीनं मला उचलून मॅकिल्वीनच्या गठ्ठ्यावर ठेवलं, तशी कठड्याबाहेरची पक्षांची माणसं माना लांब करून बघायला लागली.

"अरे, मॅकेनाचा कागद मॅकिल्वीनकडं? चुकून झालं असणार."

"एवढा ठळक दोन, आणि चुकून?"

"आणि दोनवरच थांबलंय बघ. आमची आजी तर शेवटच्या नावापर्यंत, ओकारी येईस्तोवर आकडे लिहिते!"

सगळे हसले. मी नाही. आमच्या मतदारसंघाच्या पाच जागा. पाचवी मॅकिल्वीनला मिळाली, अकरा मतांनी. त्या अकरांत मी होते. मला वाटलं, झालं काम! आता कीवा सरळ उभी राहणार.

मग आम्हाला पेट्यांत भरून, सील लावून गोदामात टाकलं. कागद जपून ठेवायची वर्षाची मुदत संपेपर्यंत तिथंच. अंधारात मी वाट बघत होते, कीवाची काही खबर येईल म्हणून.

आज पेट्या न्यायला दोघं आलेत. म्हातारा नोएल आणि त्याचा जोडीदार ग्लेन.

"काय रे, विधानसभा भरली का एकदा तरी?" ग्लेननं विचारलं.

"कशाची भरतेय! दोन्ही समाजांचे पक्ष सोबत बसल्याशिवाय सरकार होत नाही, आणि एक बाजू आत पाय ठेवत नाही."

"तो मॅकिल्वीन तरी? बरा वाटला होता."

"बराच आहे. पण पक्ष बाहेर, म्हणून तोही बाहेर. रेडिओवर एका मुलीबद्दल विचारलं त्याला. ऑपरेशनची वाट बघता बघता पाठीचा कणा एवढा वाकला की आता डॉक्टरच हात लावायला कचरतात. तर म्हणाला, मला फार वाईट वाटतं."

"कुठली मुलगी?"

"नाव नाही सांगितलं."

माझ्यावरही मत देणारीचं नाव नाही. कुणी विचारलं तरी मी ब्रोनाकडं बोट दाखवू शकत नाही. ती मुलगी कीवा होती का, हेही मला कधी कळणार नाही.

कागद फाडायचं यंत्र बाहेर घरघरतंय. नोएलनं सील तोडलं.

मॅकिल्वीनसाहेब, एवढंच ऐका. वडिलांचा शब्द मोडून एका आईनं तुम्हाला आत बसायला पाठवलं होतं. बाहेर उभं राहून वाईट वाटून घ्यायला नाही.